गोळ्या बंद करा म्हणे!

‘पोट कापून बारीक होणाऱ्यांचं सत्य’ या नावाचा सात मुद्द्यांचा मेसेज एव्हाना तुमच्याही घरच्या ग्रुपवर आला असेल. खाली ‘जनहितार्थ’ आणि चार जोडलेले हात. आमच्याकडे तो आत्याने टाकला आणि तो वाचून माझ्या ताईने व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या. तिचं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठर कापून लहान करण्याचं, ऑपरेशन होऊन जेमतेम चार महिने झालेत. मला कळलं अकरा दिवसांनी, तेही ती फोनवर सहज बोलून गेली म्हणून: ‘दोन दिवस पोटात काही ठरत नाहीये गं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात एक सलाईन लावून येते.’

म्हणून आधी चौथा मुद्दा. बाकीचे नंतर, जमेल तसे.

मेसेज म्हणतो: ‘खाणं कमी झालं म्हणजे शरीराची गरजही कमी झाली. व्हिटॅमिनच्या गोळ्या ही कंपन्यांची लूट. तीन महिन्यांनी बंद करा, मेथी-ओव्याचा काढा घ्या.’

गरज कशी कमी होईल? तुम्ही किती पोळ्या खाल्ल्या हे बघून हाडं कॅल्शियम मागत नाहीत. स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. तो भाग म्हणजे नुसती पिशवी नव्हे. बी-12 शोषायला जे प्रथिन लागतं ते जठराच्या अस्तरातच तयार होतं, आणि अन्नातलं लोह सुटं करणारं आम्लही तिथलंच. वजन उतरवण्याचं दुसरं ऑपरेशन म्हणजे बायपास, त्यात तर लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळूनच अन्न पुढे जातं, आणि लोह, कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. म्हणजे खाणं कमी, त्यातलं अंगी लागणारं आणखी कमी, गरज मात्र तेवढीच. म्हणून या गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. काढा कितीही उकळा, त्यात बी-12 उतरत नाही.

‘मी बंद केल्या, मला तर काही झालं नाही’ असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. बी-12 चा यकृतातला साठा वर्षानुवर्षं पुरतो. तळपायाला मुंग्या येऊ लागेपर्यंत बरंच काही होऊन गेलेलं असतं. बी-1 हे व्हिटॅमिन इतकी सवड देत नाही. त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांचा, आणि उलट्या सुरू झाल्या की तोही आटतो. मग एकाचे दोन दिसतात, चालताना तोल जातो, बोलण्यात गोंधळ होतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते. आणि अशा वेळी अशक्तपणा म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं, तर उरलंसुरलं बी-1 सुद्धा त्यातच खर्ची पडतं. आधी बी-1, मग ग्लुकोज. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना ऑपरेशन झालंय हे आपण सांगितलंच नाही, तर त्यांनी ओळखायचं कशावरून? ताईला मी त्याच संध्याकाळी तिच्या सर्जनकडे नेलं. तिथे पहिलं काम बी-1 च्या इंजेक्शनचं झालं, बोलणी मला नंतर बसली.

आता बाकीचं.

‘आळशांचा शॉर्टकट.’ दोन आठवडे पातळ पदार्थांवर काढा, मग वाटीभर मऊ जेवणातून दिवसाची 60 ग्रॅम प्रथिनं पोटात घालून दाखवा, मग बोलू.

‘टक्कल पडतं.’ केस गळतात, खरं आहे. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात मूठ-मूठ येतात, वजन झपाट्याने उतरल्यामुळे. बहुतेकींचे परत येतात, अर्थात लोह आणि प्रथिनं नीट घेतली तर. म्हणजे पुन्हा गोळ्याच.

‘मूल होत नाही.’ उलट आहे. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, दिवस राहण्याची शक्यता वाढते. फक्त पहिले 12 ते 18 महिने थांबायला सांगतात.

‘वजन सगळं परत येतं.’ काही येतं, सगळं नाही. स्वीडनमध्ये ऑपरेशन केलेल्या 2,010 आणि न केलेल्या 2,037 जणांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. 2007 साली तो छापून आला. बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत 32 टक्के उतरलं, दहा वर्षांनी ही घट 25 टक्के उरली होती. ‘आयुष्य कमी होतं’ या सातव्या मुद्द्याचं उत्तरही तिथेच आहे: ऑपरेशन केलेल्यांत मृत्यू 101, न केलेल्यांत 129. त्यात ताईसारखं स्लीव्ह नव्हतं, हे मीच सांगते, नाहीतर आत्या सांगेल.

राहिला ‘माणूस मनाने खचतो’ हा सहावा. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत 8,815 जणांची ऑपरेशनआधीची आणि नंतरची तीन-तीन वर्षं तपासली. स्वतःला इजा करून घेऊन तातडीच्या उपचारांसाठी येण्याचं प्रमाण नंतर सुमारे दीडपट झालं. वर्षाला हजारात सव्वादोनच्या जरा वर होतं ते साडेतीनच्या वर गेलं. यातल्या बहुतेकांना मानसिक आजार आधीपासून होता. यावरून ऑपरेशन करू नका असं ठरत नाही. पण डिस्चार्ज मिळाला की घरचे मोकळे, असंही नाही.

ताईचंच बघा. पूर्वी वाईट वाटलं की ती वाटीभर शिरा करून खायची. तो आधार गेला, त्या जागी काही आलं नाही. लग्नाच्या पंगतीत ‘अगं एवढंच? अन्नाचा अपमान’ आणि हात धुवायला गेली की ‘किती वाळलीस, शुगर झाली का?’ ती बाथरूममध्ये रडली, तर मेसेजच्या भाषेत तो ‘पश्चात्ताप’. तिला काय वाटतं हे मात्र चार महिन्यांत आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही. परवा विचारलं तर दीड तास बोलत होती. शेवटी समुपदेशकाकडे जायला स्वतःच तयार झाली. घरात बोलता येत नसेल त्यांच्यासाठी फोनवर मानसिक आधार देणारी सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416.

आता लोहाची गोळी सकाळी, चहापासून लांब. कॅल्शियम दोन तास सोडून. फ्रिजवर कागद चिकटवलाय. रक्ताचे रिपोर्ट गुरुवारी येतील. तोवर काढ्याचं पातेलं मी माझ्याकडे उचलून आणलंय.