टीडीएस मीटरला साखरही दिसत नाही

काकूंनी काल पाठवलेला व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. एक गृहस्थ तेल उद्योगातल्या सांडपाण्याची बाटली हातात धरून सांगतात: तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून तवंग काढला की खालचं पाणी शुद्ध, खात्रीला टीडीएस मीटर बुडवा, उरलंसुरलं उकळलं की जातं. काकू आमच्या घरातल्या सगळ्यांत चिकित्सक. त्यांनीही खाली 'पटतंय' लिहिलं, तेव्हा राहवेना.

आधी मीटर, कारण तिथे कहर आहे. पाण्यात काय विरघळलंय हे त्याला कळत नाही. पाण्यातून वीज किती वाहते ते मोजून ते क्षारांचा अंदाज दाखवतं, बस. तेलातून पाण्यात उतरणारी रसायनं घ्या: बेंझिनचे आयन, म्हणजे वीज वाहून नेणारे भारित कण, होत नाहीत, फिनॉलचे साध्या पाण्यात नगण्य. आकडा हलणार कसा? काकूंना फोनवरच सांगितलं, ग्लासभर पाण्यात मीटर धरा, मग दोन चमचे साखर विरघळवून पुन्हा धरा. "अरे, वाढलाच नाही!" ज्याला साखर दिसत नाही, त्याला बेंझिन काय दिसणार!

आता 'तेल विरघळत नाही'. अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन (कार्बन-हायड्रोजनची संयुगं) जवळपास विरघळत नाहीत आणि तवंग काढणं ही शुद्धीकरणाची पहिली पायरी आहेच. पण कच्चं तेल म्हणजे काही एकच पदार्थ नव्हे. लिटरभर पाण्यात हेक्झेन हा हायड्रोकार्बन जेमतेम 10 मिलिग्रॅम विरघळतो. बेंझिन सुमारे 1,800 मिलिग्रॅम, फिनॉल तर 80 ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्यात बेंझिनची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे लिटरला 0.01 मिलिग्रॅम. सांडपाणी काही बेंझिनने संपृक्त नसतं, पण ही मर्यादा ओलांडायला त्या 1,800चा पावणेदोन-लाखावा हिस्साही पुरतो.

व्हिडिओत 'ऑइल अँड ग्रीस'चा रिपोर्टही नाचवलाय. या तपासणीत हेक्झेनने तेल ओढून घेतात, हेक्झेन उडवतात आणि मागे राहिलेलं वजन करतात. बेंझिन हेक्झेनबरोबरच उडून जातं! त्याचा नमुना वेगळा घ्यावा लागतो: 40 मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, टिचकी मारायची. टपोरा बुडबुडा वर सरकला की पुन्हा भरा. मग ती गॅस क्रोमॅटोग्राफकडे, म्हणजे उडणारी रसायनं वेगवेगळी करून मोजणाऱ्या यंत्राकडे जाते. फिनॉलची तपासणी आणखी निराळी.

राहिलं उकळणं. बेंझिन 80 अंशांना उकळतं, तेव्हा पाण्यातून जाईल खरं, पण जाईल खोलीतल्या हवेत, म्हणजे तुमच्याच नाकात. माणसात कर्करोग घडवणारं म्हणून सिद्ध झालेलं रसायन आहे ते. कच्च्या तेलातल्याच नॅफ्थेनिक आम्लांचे क्षार मात्र भांड्यातच राहतात, पाणी आटेल तसे अधिकच दाट होत.