खाणीत मोठा पंखा लावला की भिंतींचे काम संपते काय?

सोलापूरच्या जमिनीखाली कोळसा नाही, काळा पाषाण आहे. कोळसा आपल्याला दिसतो तो मालगाडीच्या वाघिणींत, किंवा फताटेवाडीच्या १,३२० मेगावॅटच्या वीज केंद्राच्या निमित्ताने. त्यामुळे भूमिगत खाणीविषयी एखादा मजकूर मोबाईलवर फिरू लागला, की तो ताडून पाहणारे माणूस येथे सहसा भेटत नाही. मी नोकरीची बरीच वर्षे विदर्भातील भूमिगत कोळसा खाणींत हवेच्या कामावर काढली आणि निवृत्तीनंतर गावी, म्हणजे सोलापुरात, परतलो. गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला, म्हणून हा प्रतिवाद.

संदेशाचा आशय असा : कोळसा खाणीत हवा खेळवण्यासाठी विटांच्या भिंती, दारे आणि पडदे बांधत बसणे ही इंग्रजांच्या काळातील जुनाट रीत आहे, आता शक्तिशाली पंखे मिळतात, तेव्हा एक मोठा पंखा पुरेसा आहे, बांधलेली भिंत पुन्हा पाहावी लागत नाही, खाण हवामानाप्रमाणे स्वतःच श्वास घेते, कोळशातून सुटणारा ज्वलनशील मिथेन वायू हलका असल्यामुळे वर निघून जातो, वायू मोजणारी यंत्रे असताना या खर्चाची गरजच काय, आणि शेवटी, हवा दिसतच नाही मग तिच्यासाठी भिंत कशाला?

पहिला दावा पंख्याचा आहे आणि सगळी गफलत त्यातच आहे. पंखा केवळ दाबाचा फरक निर्माण करतो. हवा कोणत्या वाटेने जाईल हे तो ठरवत नाही. आपल्याकडच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये हे रोज पाहायला मिळते. भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा असतो, त्याला लागूनच खिडकी उघडी असते, आणि पंखा त्या खिडकीतली हवा ओढून तीच बाहेर टाकत राहतो. पलीकडच्या टोकाच्या मागावरचा कामगार मात्र घामाने निथळत असतो. खाणीत कोळसा कापताना गॅलऱ्यांचे जाळे तयार होते, शहरातल्या उभ्या-आडव्या गल्ल्यांसारखे. काही उभ्या गॅलऱ्यांतून ताजी हवा आत जाते, त्यांना इनटेक म्हणतात. शेजारच्या गॅलऱ्यांतून वापरलेली हवा परत येते, ती रिटर्न. या दोहोंना जोडणारी प्रत्येक आडवी गॅलरी म्हणजे पंख्याशेजारची उघडी खिडकी होय. ती बंद करणाऱ्या भिंतीला खाणीतली माणसे स्टॉपिंग म्हणतात.

आता थोडा हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, गणित मात्र खरे आहे. समजा, सेकंदाला १०० घनमीटर हवा आत निघाली आणि वाटेत ३० स्टॉपिंग आहेत. प्रत्येक भिंतीतून तिथवर पोहोचलेल्या हवेच्या २ टक्के हवा गळत असेल, तर कोळसा जेथे कापला जातो त्या फेसवर साधारण ५४ घनमीटरच पोहोचते. त्याच भिंतींची गळती अर्ध्या टक्क्यावर आणली, तर ८६ घनमीटर पोहोचते. भिंती तशाच गळत्या ठेवून केवळ पंख्याच्या जोरावर ५४ चे ८६ करायचे म्हटले, तर हवा सुमारे १.६ पट वाहवावी लागते. लागणारा दाब हवेच्या प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वीज जवळजवळ चौपट लागते. शिवाय दाब वाढला की गळतीही वाढतेच; मोठा पंखा फटीतून अधिक हवा पळवतो. ज्याला भिंतीवरचा खर्च जड वाटतो, त्याने विजेचे बिल एकदा समोर ठेवावे.

दुसरा दावा, एकदा बांधलेली भिंत पुन्हा पाहावी लागत नाही, हा घराच्या भिंतीवरून केलेला अंदाज दिसतो. घराची भिंत स्थिर पायावर उभी असते. खाणीतल्या भिंतीवर वरून छत दाबत असते, खालून जमीन फुगून वर येत असते आणि दोन्ही बाजूंचा कोळसा पापुद्र्यांनी सुटत असतो, त्यात जवळपास सुरुंगाचे धक्के असतात. म्हणूनच चांगली स्टॉपिंग बांधताना बाजूंचा सैल कोळसा काढून ठोस कोळसा लागेपर्यंत खाच घेतात, तळातला चुरा उपसून पाया घेतात आणि भिंत छताला नुसती टेकवत नाहीत, तर घट्ट भिडवतात. मुख्य इनटेक आणि मुख्य रिटर्न यांच्यामधली भिंत विटांची वा दगडी असेल तर ती किमान २५ सेंटिमीटर जाड असावी आणि तिला हवा रोखणारा गिलावा असावा, अशी भारतातील कोळसा खाण नियमांची अपेक्षा आहे. गिलावा अधिक दाबाच्या, म्हणजे इनटेकच्या बाजूने केला तर तो विटांवर दाबला जातो. उलट बाजूने केला तर हवाच त्याला सोलून काढायला बघते. एवढे करूनही काही महिन्यांत वरच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग दिसू लागते. अशा भेगेकडे दुर्लक्ष करणारा माणूस आळशीच असतो असे नाही. पुष्कळदा ती त्याला दिसतच नाही.

माणसे भिंतीला स्वतः भोक पाडतात, हा आणखी एक प्रकार. एका खाणीत फेसवरची हवा आठवडाभर कमी भरत होती आणि पंखा तर ठणठणीत होता. शोधत गेल्यावर कळले की केबल पलीकडे नेण्यासाठी कोणीतरी स्टॉपिंगच्या चार विटा काढल्या होत्या आणि भोकात गोणपाट कोंबले होते. गोणपाट सुकले, आक्रसले आणि भोक उघडे पडले. विटा आणि सिमेंटने ते काम अर्ध्या तासात झाले. ते सापडायला आठ दिवस लागले होते.

खाण स्वतःच श्वास घेते, या वाक्यात थोडे तथ्य आहे, आणि नेमके तेच तथ्य संदेशाच्या विरोधात जाते. काम संपलेला, छत पाडलेला भाग भिंतींनी कायमचा बंद करतात. आत मिथेन साठलेला असू शकतो, आणि उरलेला कोळसा प्राणवायू मिळाला की आपसूक तापू लागतो. बाहेर हवेचा दाब उतरला, की आतला वायू भिंतीच्या फटींतून चालत्या खाणीत येतो. दाब चढला, की ताजी हवा आत शिरते आणि कोळशाला खाद्य मिळते. आपल्या अक्षांशांत हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वर आणि दुपारी चारच्या सुमारास खाली असतो. वादळाआधी तो याहून अधिक घसरतो. दाब १० मिलिबारने उतरला तर बंद भागातील वायू सुमारे १ टक्का फुगतो. म्हणजे १ लाख घनमीटरच्या बंद भागातून साधारण १,००० घनमीटर वायू बाहेर पडायला बघतो. म्हणून अशा भिंतीत नमुना घेण्याची नळी बसवतात, दाब पाहण्यासाठी पाण्याची यू-नळी लावतात, आणि वायुभारमापक उतरत असला की तिकडे जास्त लक्ष ठेवतात.

नैसर्गिक हवेच्या भरवशाबद्दल सोलापूरकराला वेगळे समजावायला नको. गिरण्यांच्या चिमण्या पाहत वाढलेल्या आणि साखर कारखान्याच्या एका चिमणीवरून वर्षानुवर्षे वाद घालून २०२३ साली ती पाडलेल्या या शहराला, गरम हवेचा स्तंभ हलका असतो म्हणून तो वर ओढ घेतो, हे ठाऊक आहे. खाणीतही उंच-सखल तोंडांच्या दोन वाटा असतील, तर आत-बाहेरच्या तापमानाच्या फरकाने हवा वाहते. पण हिवाळ्यात ती एका दिशेने वाहत असेल तर मे महिन्यात उलट वाहू शकते, आणि मध्ये कधीतरी थांबतेही.

मिथेन हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा आहे, हे खरे. पण खाणीत वर आकाश नसून छत आहे. हवा संथ असेल तर तो छतालगत थर करून राहतो. ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान तो हवेत मिसळलेला असेल, तर स्फोटाला एक ठिणगी पुरते. नियमांत रिटर्नमधील हवेसाठी ०.७५ टक्का आणि खाणीतील कोणत्याही जागेसाठी १.२५ टक्का ही कमाल मर्यादा आहे. फेसवर हवा वळवण्यासाठी लावलेला ब्रॅटिस नावाचा कापडी पडदा, ज्याची संदेशाने ‘धोतर’ म्हणून टिंगल केली आहे, तोच हा थर फोडतो. पडदा फेसपासून चार पावले जास्त मागे राहिला, की हवा टोकाला न पोहोचता मधूनच वळते.

दारांबद्दल थोडक्यात. इनटेक आणि रिटर्न यांच्यात एक दार पुरत नाही. दोन लागतात, आणि गाडी वा माणसे जाताना एक उघडे असले तरी दुसरे बंद राहील इतके अंतर त्यांच्यात असावे लागते. दार आपोआप बंद झाले पाहिजे. एके काळी इंग्लंडमधील खाणींत ते ओढायला अंधारात लहान मुले बसवली जात; दहा वर्षांखालील मुलांना खाली पाठवण्यावर तेथे १८४२ साली कायद्याने बंदी आली. आजही दाराला लाकडाचा टेकू लावून ठेवणारे भेटतात.

एका बाबतीत मात्र संदेश लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण हा घोटाळा जाणत्यांनीही केला आहे : हवा वळवणारी भिंत आणि स्फोट अडवणारी भिंत एकच नव्हे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनियातील सेगो खाणीत २ जानेवारी २००६ रोजी बंद केलेल्या भागात स्फोट झाला, भिंती उद्ध्वस्त झाल्या आणि १२ कामगार गेले. त्या वेळी अशा भिंतीने चौरस इंचाला २० पौंड दाब सोसावा एवढीच तेथील अपेक्षा होती. २००८ च्या नियमांनी, आतल्या वायूवर लक्ष ठेवले जात नसेल तेथे, ती किमान १२० पौंडांवर नेली.

यंत्रांविषयी एवढेच म्हणता येईल की ती मिथेन किती आहे हे सांगतात, तो हलवत नाहीत. आणि हवा दिसत नाही मग तिच्यासाठी भिंत कशाला, या शेवटच्या प्रश्नाला खाणीत रोज वापरले जाणारे उत्तर आहे. धुराची छोटी नळी घेऊन माणूस भिंतीच्या कडेने हळूहळू फिरतो. धूर सरळ खाली उतरला तर भिंत ठीक, आणि एखाद्या कोपऱ्यात तो वळून फटीत शिरला, तर तेथे खडूने फुली मारून तो पुढच्या भिंतीकडे जातो. मागून गवंडी येतो.