तुझा वास येतो

आज लिफ्टमध्ये जे झालं ते दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे ओकून टाकते. पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं, मी रागावणार नाही. (थोडी रागावेन.)

आमच्या बिल्डिंगमध्ये एक बाई नवीन आल्यात. पन्नाशीच्या असतील, शांत, आपण बरं की आपलं काम बरं. त्या पॅचौली लावतात, म्हणजे एका झुडपाच्या पानांचा मातकट वास. तेल लावतात, परफ्यूम मारतात की साबणच तसला आहे ते माहीत नाही, पण पॅचौली आहे हे मी झोपेतसुद्धा सांगेन, का ते येईलच पुढे. तर त्या उतरल्या, दार बंद झालं आणि आमच्यातलीच एक नाक दाबून म्हणाली, "ई, काय गं हा वास, तळघरातली ओली सतरंजी चालत गेल्यासारखं वाटलं." सगळे हसले. मीही हसले. खोटं कशाला बोलू. मग तिने पर्समधून स्वतःचा परफ्यूम काढला आणि लिफ्टमध्ये दोनदा फुस्स केलं, हवा शुद्ध करायला म्हणे.

आता तो परफ्यूम कसला, तर गोड, कॅरमेल-चॉकलेटवाला. या गोडमिट्ट परफ्यूमांची लाटच मुळात १९९२ साली 'एंजल' नावाच्या परफ्यूमने आणली, आणि एंजलमध्ये काय होतं? वर साखरेच्या पाकासारखा वास आणि खाली ढीगभर पॅचौली, ते सगळं गोड अंगावर धरून ठेवायला. तेव्हापासून त्या जातीच्या बाटल्यांमध्ये तळाला हीच बसलेली असते. हिच्या बाटलीत पॅचौली नसेल तर मी नाव बदलेन. म्हणजे बाईंनी पॅचौली लावली ती घाण, आणि ती घाण घालवायला हिने मारली पॅचौली! आणि मी गप्प. हे सगळं माहीत असून गप्प, कारण माझा मजला आला होता.

खरं तर मजल्याचं कारण नव्हतं. मला मावशी आठवली.

मावशीकडे एक छोटी तपकिरी काचेची बाटली होती. त्यातलं तेल ती दोन थेंब रुमालावर आणि एक थेंब लोकरीच्या कपड्यांच्या कप्प्यात टाकायची. तिचं कपाट उघडलं की आधी कापरासारखं काहीतरी नाकात चढायचं, मग माती, मग जुनं लाकूड, आणि बराच वेळ नाक खुपसून उभं राहिलं तर शेवटी चक्क चॉकलेट. लहानपणी मला त्या कपाटात बसायला आवडायचं. पंधराव्या वर्षी मला कशाचीही लाज वाटायची, आणि शाळेत कार्यक्रम होता, आई येऊ शकत नव्हती, मावशी येणार होती, आणि मी तिला म्हटलं, "मावशी, तू येताना ते लावू नकोस, तुझा वास येतो."

तुझा वास येतो. तीन शब्द. ती आली, लिंबाच्या साबणाने धुतलेल्या हातांनी, आणि त्यानंतर तिच्या अंगाला तो वास मी कधीच घेतला नाही.

म्हणून लिफ्टमधल्या त्या हसण्याने डोकं फिरलं माझं. पॅचौली आवडत नाही, ठीक आहे. नाकं सारखी नसतातच, माणसात वास ओळखणारे चारशेच्या आसपास प्रकारचे रिसेप्टर असतात आणि कुणाचे कुठले किती चालतात ते ज्याचं त्याचं, त्यामुळे एकाला जंगल तर दुसऱ्याला तळघर हे होणारच. पण "ई" म्हणजे मत नाही ना. आपल्यापैकी कुणी कुणाच्या आवाजाला, रंगाला, चालण्याला तोंडावर "ई" म्हणणार नाही, पाठीमागेही म्हणणार नाही, मग वासाला बरं चालतं? आणि सगळ्यात जिव्हारी तोच लागतो, कारण आपल्याला आपला वास येत नसतो. रोज तेच लावलं की नाक काही वेळाने नोंदच घेत नाही. दुसऱ्याने सांगितलं तरच कळतं, आणि कळलं की मागचे सगळे दिवस आठवायला लागतात, तेव्हाही येत होता का, त्यांनाही येत होता का.

आणि ज्याला तळघर म्हणता त्या पानाचा इतिहास तरी बघा जरा. पुदिना, तुळस यांच्याच कुळातलं झुडूप. मराठीत 'पाच' म्हणतात, इंडोनेशियात निलम (एका भाषेत पाचू, एका भाषेत नीलमणी, मला हे भारीच आवडतं, योगायोग असेना का). आज जगातलं बहुतेक तेल तिथूनच येतं, सुमात्रा आणि सुलावेसीतून. पानं वाळवायची, मग वाफेवर तेल काढायचं, शंभर किलो वाळल्या पानांतून दोन-तीन किलो. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांमध्ये हीच पानं घातलेली असायची. तिकडच्या बायकांना मग शालीइतकाच तो वासही हवासा झाला, वास असेल तर शाल अस्सल. इतकं की तिकडे नकली शाली विणणारे आपल्या मालाला मुद्दाम पॅचौलीचा वास द्यायला लागले! एके काळी श्रीमंतीची खूण होती ती. मग १९६०-७० मध्ये हिप्पींनी लावली आणि झाली आंघोळ न केलेल्यांची खूण. पान तेच, रेणू तेच. माझी मावशी तर ना श्रीमंत ना हिप्पी, तिला नुसते कपडे कसरीपासून वाचवायचे होते.

बरं, आता दुसरी बाजू, कारण कमेंटमध्ये येणारच आहात. हो, काहींचं डोकं दुखतं. खरंच दुखतं, मायग्रेनवाल्यांना बंद लिफ्टमध्ये कुठलाही जड वास म्हणजे शिक्षा. मान्य. आणि हो, पॅचौली लावणारे अती लावतात, कारण वर सांगितलं तेच, स्वतःला येत नाही म्हणून अजून दोन थेंब. मान्य. पुढे.

मेणबत्त्यांबद्दल मात्र मी तुमच्याच बाजूने आहे. परफ्यूम एका माणसाभोवती असतो, मेणबत्ती अख्खी खोली ताब्यात घेते. छोट्याशा बाथरूममध्ये दार लावून पॅचौलीची मेणबत्ती जाळणं हा गुन्हा आहे, तिथून निघणं नाही, पळणं नाही, आणि विझवल्यावरही पडद्यांना टॉवेलांना दोन दिवस. या वासाचे रेणू जड, सावकाश उडणारे, म्हणून तर परफ्यूमवाले त्याला तळाशी ठेवतात. संत्र्या-लिंबाचा वास तासाभरात उडून जातो, हा सकाळी लावला तर दुसऱ्या दिवशी शर्टावर सापडतो. घरी साबण बनवणाऱ्यांना विचारा, लिंबूवर्गीय तेलं वडी वाळेपर्यंत निम्मी गायब होतात, पॅचौली शेवटच्या चिपटीपर्यंत राहते, आणि थोडी घातली तर सोबतच्या वासालाही धरून ठेवते. त्यामुळे साबणात मी पूर्ण पॅचौलीच्या बाजूने. धुतलं जातं, उरतं ते हाताजवळ नाक नेलं तरच. मावशीच्या रुमालासारखं. रुमाल झटकला तरच कळायचं.

हे टाइप करताना मला जाणवायला लागलंय की मी त्या लिफ्टवालीवर चिडलेलेच नाहीये. ती पंचवीसची आहे. चुकेल, शिकेल. मी पंधराची होते, आणि वास म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं, मी त्या कपाटात बसून मोठी झाले होते. ऐकलेल्या, पाहिलेल्या गोष्टींना मेंदूत बराच फेरा मारून जावं लागतं म्हणतात, वासाची वाट मात्र भावना आणि आठवणींच्या भागांना जवळजवळ थेट भिडते. म्हणून आज त्या बाई लिफ्टमध्ये शिरल्या आणि माझ्या गळ्यात काहीतरी अडकलं, आणि ते लपवायला मी सगळ्यांत जोरात हसले. हो, सगळ्यांत जोरात. वर नुसतं "हसले" लिहिलंय, ते अर्धं खरं होतं.

आत्ता पोस्ट अर्धी टाकून मावशीला फोन केला. इतक्या वर्षांनी. म्हटलं, मावशी, तुला आठवतं का, मी तुला असं असं बोलले होते, सॉरी. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "कधी गं?" शाळेचा कार्यक्रम सांगितला, लिंबाचा साबण सांगितला. तर म्हणे, "अगं ते होय. ते तुझ्यामुळे नाही सोडलं मी, तेव्हा माझं डोकं दुखायचं त्याने."

म्हणजे बघा. इतकी वर्षं मी वाहिलेलं ओझं आणि तिला आठवतसुद्धा नाही. किंवा आठवतंय आणि माझं मन राखतेय. तिच्या आवाजावरून कळेना, ती असलं खोटं फार सराईतपणे बोलते, आमची आई म्हणायचीच.

मी विचारलं, मग त्या बाटलीचं काय केलंस? तर म्हणे असेल की कपाटात, मागच्या बाजूला, पाव भरलेली होती, आता काय उरलंय त्यात, जुनं झालं असेल, फेकायचंच राहिलं. म्हटलं, मावशी, फेकू नकोस, हे तेल जुनं झालं की आणखी चांगलं होतं, त्याचा तो कापरासारखा चढा वास बसतो आणि मऊ होतं, लोक मुद्दाम वर्षानुवर्षं ठेवतात. तर हसली. म्हणाली, "तू ये आणि घे वास, मला हल्ली कशाचाच येत नाही."

रविवारी जातेय. आणि उद्या त्या बाईंना लिफ्टमध्ये काय बोलायचं हे अजून ठरलेलं नाही. "तुमचा वास छान आहे" हे मराठीत कसंही म्हटलं तरी भांडणच होईल असं वाटतंय. सुचवा काहीतरी.