"आफ्रिकेतल्या लोकांना सांगून उपयोग नाही" म्हणे! एकेक मुद्दा बघू

परत तोच मेसेज सगळीकडे फिरतोय. थोडक्यात असं आहे: आफ्रिकेत इबोला (जीवघेणा विषाणूजन्य आजार) एवढा पसरला कारण लोक अडाणी, प्रेतांना कवटाळतात, पोलिओचा डोस घेत नाहीत, तेव्हा रेडिओ आणि गावसभांवर पैसा घालवण्यापेक्षा मिलिटरी लावा, लस टोचा, विषय संपला. शिकलेली माणसंही हे पुढे ढकलतायत, म्हणून लिहितेय.

"प्रेतांना कवटाळतात, अडाणी आहेत"
इबोलाने माणूस गेला की त्याच्या शरीरात विषाणू प्रचंड असतो, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया या देशांत मयताला आंघोळ घालतात, त्यामुळे २०१४-१५ ची साथ अंत्यविधीतून पसरली हे खरंच आहे. पण मयताला आंघोळ आपल्याकडेही घालतात ना? आपलं माणूस नीट निरोप देऊन पाठवावं, एवढंच असतं त्यात. ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाच्या सरकारने राजधानी मॉनरोव्हियात मृतदेह जाळायचा हुकूम काढला, तोही जिथे पुरण्याचीच रीत आहे तिथे, आणि लोक मयत लपवायला लागले. मग नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दफनाचे नवे नियम आणले. आधी घरच्यांशी बोला, मौलवी किंवा पाद्री सोबत घ्या, मुस्लिम असेल तर पाण्याऐवजी कोरडं शुद्धीकरण, पांढरं कफन, घरच्यांना लांबून प्रार्थना करू द्या. विषाणू तोच, माणसं तीच, बदलली ती बोलायची पद्धत, आणि लोक मयत कळवायला तयार झाले.

सुरुवातीची पोस्टरंही बघा. इबोलावर औषध नाही, इबोला मारतो, असं मोठ्या अक्षरात. हे वाचून कोण आपल्या पोराला उपचार केंद्रात नेईल? लोकांनी मेसेज नीट ऐकला होता, मेसेजच चुकला होता. नंतर तो बदलून 'लवकर आलात तर वाचायची शक्यता वाढते' असा करावा लागला.

"मिलिटरी लावा"
लावली होती की. ऑगस्ट २०१४, मॉनरोव्हियातली वेस्ट पॉइंट झोपडपट्टी, सैन्याने वेढली, दंगल झाली, गोळीबारात एक पोरगा गेला, आणि दहा दिवसांत वेढा उठवावा लागला. १८९७ ला पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोल्जर घरात घुसले तेव्हा काय झालं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला हवं का? तेव्हाच्या पुणेकरांना आपण अडाणी म्हणत नाही.

"लस टोचा, विषय संपला"
इबोलाच्या लशीचे पहिले चांगले निकाल जुलै २०१५ मध्ये आले, तोवर साथ बरीच ओसरली होती, लायबेरिया तर मे महिन्यातच एकदा इबोलामुक्त जाहीर झाला होता. आणि लस हातात असली तरी काय होतं ते नायजेरियात दिसलं. २००३ ला तिथल्या कानो राज्याने, लशीत काहीतरी घातक आहे या संशयावरून, पोलिओ लसीकरण जवळपास वर्षभर थांबवलं आणि तिथला विषाणू इतर देशांत पोचला. याच कानोत १९९६ ला मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज येणारा आजार) साथीत एका परदेशी कंपनीने लहान मुलांवर नव्या औषधाची चाचणी केली होती, त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, लोक ते विसरले नव्हते. हा संशय हवेतून आला नव्हता. इमाम, गावचे पारंपरिक प्रमुख, घरोघरी जाणाऱ्या बायका यांनी वर्षानुवर्षं तो दूर केला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये आफ्रिका खंड वाइल्ड पोलिओतून, म्हणजे निसर्गात आपोआप पसरणाऱ्या मूळ पोलिओ विषाणूतून, मुक्त जाहीर झाला.

"रेडिओ ऐकून काय होतंय"
पश्चिम आफ्रिकेतल्याच बुर्किना फासो या देशात हे मोजलंय. २०१२ ते २०१५, काही भागांत स्थानिक भाषेत रेडिओवर रोज बाळांच्या आजाराबद्दल छोटे कार्यक्रम, काही भागांत काहीच नाही. पहिल्या वर्षी रेडिओवाल्या भागांत पाच वर्षांखालच्या मुलांना दवाखान्यात आणण्याचं प्रमाण साधारण ३५ टक्क्यांनी वाढलं, पुढे वाढ कमी होत गेली. बालमृत्यू घटले असं मात्र त्या अभ्यासात सिद्ध झालं नाही, दोन्हीकडे ते घटतच होते. पण ऐकून आई बाळाला घेऊन दवाखान्यात येते एवढं तरी स्पष्ट झालं, आता ती पोचल्यावर तिथे नर्स आणि औषध असणं ही सरकारची जबाबदारी आहे, तिची नाही.