खुलासा : सहा महिन्यांनंतरचा व्यायाम वाया जात नाही

‘मज्जारज्जूला इजा झाल्यावर 6 महिन्यांत जे परत आलं तेवढंच, पुढचा व्यायाम फुकट’ असा मेसेज फिरतोय. अर्धवट खरं, म्हणून जास्त घातक.

सर्वाधिक सुधारणा पहिल्या 6 ते 9 महिन्यांत दिसते, हे बरोबर. पण इजा अपूर्ण असेल, म्हणजे गुदद्वारापाशी स्पर्श कळत असेल किंवा तिथला स्नायू आवळता येत असेल, तर वर्षभरानंतरही थोडीफार ताकद येऊ शकते.

शिवाय व्यायाम काही फक्त चालण्यासाठी नसतो. सांधे आखडू नयेत, व्हीलचेअरवरून पलंगावर स्वतः सरकता यावं, दर 15 ते 30 मिनिटांनी हातांवर भार देऊन बूड उचलता यावं (नाहीतर दाबाच्या जखमा होतात, आणि त्या भरता भरत नाहीत), यासाठी तो चालूच ठेवायचा.