चांदी महागली तरी खाणीतून जास्त निघत नाही

गेले काही महिने व्हॉट्सॲपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, जगातली चांदी संपत आली, आत्ताच घ्या, पुढच्या दिवाळीला किलोला पाच लाख. मी कोल्हापूर भागातल्या सराफ पेढ्यांची अकाऊंट्स बघतो, त्यामुळं लग्नात पंगतीला बसलो तरी शेजारचा आधी विचारतो "काय म्हणतीय चांदी?" एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहून टाकतो. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तर चांदी संपत वगैरे आलेली नाही. पण तुटवडा खोटा आहे असंही नाही. सिल्व्हर इन्स्टिट्यूट या चांदी उद्योगाच्या जागतिक संस्थेचे आकडे बघितले तर 2024 मध्ये जगभरातल्या खाणींतून साधारण 25,500 टन चांदी निघाली, जुना माल वितळवून आणखी 6,000 टन आली. आणि लागली किती? 36,000 टनांच्या वर. मधला साडेचार हजार टनांचा फरक भरला कुठून, तर आधीच्या साठ्यातून, लंडन-न्यूयॉर्कच्या तिजोऱ्यांतून. आणि हे एका वर्षाचं नाही, 2021 पासून दरवर्षी चालूय. 2024 पर्यंतची चार वर्षांची तूट एकत्र केली तर 21,000 टन होते, म्हणजे जगातल्या सगळ्या खाणींचं दहा महिन्यांचं उत्पादन. 2025 मध्ये पण तूटच राहील असा त्यांचा अंदाज होता, थोडी कमी पण तूटच.

आता कुणीही म्हणेल, एवढा भाव आहे तर खाणवाले जास्त काढतील की. कांद्याला एका वर्षी भाव मिळाला की पुढच्या हंगामात अख्खं शिवार कांद्याचं होतं आणि मग भाव मातीत जातो, तसं इथंही व्हायला पाहिजे. पण होत नाही, आणि फॉरवर्डवाल्यांनी हा मुद्दा कधी सांगितलेला मी बघितला नाही. जगात निघणाऱ्या चांदीपैकी 70 टक्क्यांच्या आसपास चांदी ही दुसऱ्याच धातूसाठी खोदलेल्या खाणीतून निघते. जस्त, शिसं, तांबं, सोनं काढताना बरोबर चांदी येते. आपल्याकडची बहुतेक चांदी हिंदुस्तान झिंक काढते, राजस्थानात, नावातच झिंक आहे बघा. पोलंडची केजीएचएम ही तांब्याची कंपनी, पण वर्षाला 1,300 टनांच्या घरात चांदी काढते आणि जगातल्या मोठ्या उत्पादकांत मोडते. या लोकांचं गणित जस्ताच्या नाहीतर तांब्याच्या भावावर चालतं. चांदी दुप्पट झाली म्हणून कोण तांब्याची खाण दुप्पट खोदणार? नुसत्या चांदीसाठी नवीन खाण काढायची म्हटली तरी शोधण्यापासून परवानगीपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात.

उलट चालू खाण बंद पडायला मात्र एक संप पुरतो. मेक्सिको हा चांदीत जगात एक नंबर, तिथली पेन्यास्कितो खाण 2023 मध्ये जून ते ऑक्टोबर संपामुळं बंद होती, भांडण कशावरून तर कामगारांना नफ्यातला वाटा वाढवून पाहिजे होता. गंमत म्हणजे जगाचं खाण उत्पादन आज 2016 पेक्षा कमी आहे. भाव तेव्हा औंसाला (साधारण 31 ग्रॅमला) 17 डॉलरच्या आसपास होता, आत्ता कुठं आहे ते तुम्हाला माहितीय.

मागणीकडं या. आपल्या डोक्यात चांदी म्हणजे समई, निरांजन, पैंजण, बाळाचे वाळे. पण 2024 मध्ये उद्योगांनीच 21,000 टन खाल्ली, म्हणजे एकूण मागणीच्या निम्म्याच्या वर. त्यात एकट्या सोलरची 6,000 टन. शेजाऱ्याच्या गच्चीवरचं पॅनल जवळून बघा, निळ्या-काळ्या सेलवर केसासारख्या बारीक पांढरट रेघा दिसतात, त्या चांदीच्या पेस्टच्या असतात, छापलेल्या. उन्हातनं तयार झालेली वीज गोळा करून तारेपर्यंत नेणं हे त्यांचं काम. वर्षभरात लागलेली पॅनल आणि त्यात गेलेली चांदी असा भागाकार केला तर एका मोठ्या पॅनलमागं साधारण पाच-सहा ग्रॅम पडते. म्हणजे एका जोडवीएवढी. पण पॅनल किती बसतायत जगात! त्यात इलेक्ट्रिक गाड्या, चार्जर, डेटा सेंटर. अमेरिकेनं तर नोव्हेंबर 2025 मध्ये चांदीला क्रिटिकल मिनरल्सच्या, म्हणजे देशाला अत्यावश्यक खनिजांच्या यादीत टाकलं.

पण इथंच मी फॉरवर्डवाल्यांपासून फुटतो. ही मागणी कायम चढतच जाईल हे कुणी सांगितलं? पॅनलवाले काय हातावर हात ठेवून बसलेत का. रेघा बारीक करणं, चांदीत तांबं मिसळणं, तांब्याचा मुलामा देणं हे सगळं जोरात चालू आहे आणि 2025 मध्ये पॅनल जास्त बसूनसुद्धा सोलरची चांदी कमी लागेल असा अंदाज होता. आणि फोटोच्या रोलचं काय झालं आठवा. 1999 च्या सुमाराला फोटोग्राफी वर्षाला 7,000 टन चांदी घेत होती, तेव्हा कुणाला वाटलं असतं की हे गिऱ्हाईकच उठून जाईल? डिजिटल कॅमेरा आला आणि आता 1,000 टन पण लागत नाही.

अजून एक फरक आहे. दागिन्यातली चांदी फिरून परत येते. आपल्याकडं तर झारेकरी सराफ कट्ट्यावरची धूळ झाडून, गटारातला गाळ धुऊन त्यातनं कण काढायचे, अजूनही काढतात. आजीचे तोडे मोडीत जातात आणि नातीच्या बारशाला त्याचीच वाटी-चमचा होतो. पॅनलमधली पाच ग्रॅम काचेत आणि प्लास्टिकमध्ये अशी अडकते की ती सोडवण्याचा खर्च आत्ता तरी बहुतेक ठिकाणी परवडत नाही. वीस-पंचवीस वर्षांनी ती पॅनल भंगारात येतील तेव्हा कदाचित परवडेल, पण तोपर्यंत ती चांदी बाजारात नाही असंच धरायचं.

ऑक्टोबर 2025 ला जे झालं ते सगळ्यांनी नीट समजून घेतलं पाहिजे. अमेरिका टॅरिफ (आयात कर) लावेल या भीतीनं वर्षाच्या सुरवातीलाच ढीगभर चांदी लंडनहून न्यूयॉर्कला गेलेली. लंडनच्या तिजोरीत चांदी दिसत होती पण त्यातली मोठी रास ईटीएफच्या (शेअर बाजारात विकल्या जाणाऱ्या फंडांच्या) नावावर, म्हणजे विकायला मोकळी नाही. त्यात आपली दिवाळीची खरेदी आली. लंडनमध्ये चांदी उसनी घ्यायचा दर वर्षाला 30 टक्क्यांच्या पुढं गेला, व्यापाऱ्यांनी विमानानं चांदी न्यूयॉर्कहून उलटी लंडनला आणली, एरवी असला वजनदार माल जहाजानं जातो. भाव औंसाला 54 डॉलरवर. आपल्याकडं काही फंड हाऊसनी सिल्व्हर फंडात एकरकमी पैसे घेणंच थांबवलं. धनत्रयोदशीला पेढीवर लोक बोर्डावरच्या भावावर प्रीमियम देऊन, पावती हातात घेऊन, माल आठ दिवसांनी न्यायला तयार होते. आणि ऑक्टोबर संपायच्या आत भाव 48 च्या खाली! मग डिसेंबरात परत उसळी, आपल्याकडं किलो दोन लाखांच्या पुढं. तूट तीच, खाणी त्याच, तरी दोन महिन्यांत एवढं खाली-वर. बाजार लहान असला की असंच होणार. तूट आहे म्हणजे भाव सरळ रेषेत वर जाईल असं समजून ज्यांनी पर्सनल लोन काढून चांदीच्या विटा घेतल्या त्यांचं मला टेन्शन येतं.

आणि या सगळ्यात मार कुणाला बसतो? पॅनलवाल्याला चांदी घ्यावीच लागते, थोडी कमी घेईल पण घेईल. गुंतवणूकवाला भाव वाढला की उलट जास्त घेतो. मागं सरते ती पैंजण घेणारी बाई. आधी भरीव बघायची, आता "हलक्यातले दाखवा" म्हणते. कोल्हापूरजवळच्या हुपरीत आणि आसपासच्या गावांत घरोघरी हे काम चालतं, बायका उंबऱ्यात बसून घुंगरू जोडतात, साखळी ओवतात. मजुरी वजनावर. वजन निम्मं झालं की हात तेवढेच चालतात आणि पैसे कमी. छोट्या कारखानदाराचं तर भांडवलच आटलं, 2024 च्या सुरवातीला दहा किलो चांदीला साडेसात लाख लागत होते, 2025 च्या डिसेंबरात वीस लाख लागायला लागले, नफा मात्र किलोमागं तेवढाच. सरकारनं जुलै 2024 ला आयात ड्युटी 15 वरून 6 टक्के केली तेव्हा जरा हायसं वाटलेलं, भाववाढीनं ते कधीच गिळलं.

रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत 1 एप्रिल 2026 पासून सोन्यासारखं चांदीवर पण कर्जाची चौकट आहे, दागिने 10 किलोपर्यंत, नाणी 500 ग्रॅमपर्यंत, विटा चालणार नाहीत. म्हणजे घरातली चांदी अडीअडचणीला कामाला येईल. फक्त घेताना बिल घ्या, टंच (शुद्धता) लिहून घ्या, हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे पण मागा, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. वापरायला घेणार असाल तर बिनधास्त घ्या, भाव बघू नका. पाच लाखांच्या आशेनं घेणार असाल तर निदान एवढं लक्षात ठेवा की समोरचा खरेदीदार चीनमधला पॅनलवाला आहे आणि तो रोज सकाळी उठून चांदी कशी कमी लागेल याचाच विचार करतोय.