उपवासाचा मासा

वसंतात अमेरिकेतल्या कोलंबिया नदीत शिरणारा चिनूक सॅमन कडक उपवासाला बसलेला असतो. समुद्रात खाऊन खाऊन त्याने अंगावर भरपूर चरबी चढवलेली असते. त्या जोरावर तो नदीत येतो आणि शरद ऋतूत अंडी घालून मरेपर्यंत तोंडात काही घेत नाही. अशा माशापुढे गळाला लावलेली हेरिंग ही छोटी मासळी नाचवायला आम्ही पहाटे उठून जातो. एकादशीच्या दिवशी आजीसमोर वडापाव धरून ती कधी झडप घालते याची वाट पाहत बसावं, तसला हा उद्योग. जाणकार म्हणतात, तो भुकेने चावत नाही. जुन्या सवयीने चावतो किंवा वैतागून. दुसऱ्याला वैताग आणण्यात मी तरबेज आहे असं घरच्यांचं मत असल्यामुळे मला आशा होती.

या भानगडीत मला ओढलं ते एका शाकाहारी गृहस्थाने. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो-बीव्हरटनकडे चिपच्या नोकऱ्यांमुळे मराठी माणसं बरीच. त्यातला हा माझा मित्र चातुर्मासात कांदाही खात नाही, पण गॅरेजमध्ये कयाक, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, दोन आणि गळाच्या काठ्या मोजू नयेत इतक्या. "तू मालवणचा, तुझ्या रक्तातच असणार," तो म्हणाला. माझ्या रक्तात फक्त मासळीवालीशी घासाघीस आहे, हे त्याला पटेना.

एप्रिलात नदीचं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं. म्हणून कपडे हवा बघून घालायचे नाहीत, आपण पाण्यात पडणार असं धरून घालायचे. ड्रायसूट नावाच्या त्या पोशाखात गळ्याशी आणि मनगटांशी रबराच्या घट्ट पट्ट्या असतात. बाहेरचं पाणी आत येत नाही, आणि आतल्याला बाहेर जायला महागड्या सूटमध्ये वेगळी चेन असते. माझा सूट महागडा नव्हता. मित्राने मात्र थर्मास भरून आल्याचा चहा आणला होता आणि तो दर दहा मिनिटांनी आग्रह करत होता.

सॉव्ही बेटापाशी नदी इतकी रुंद की समोरच्या काठावर वॉशिंग्टन हे वेगळं राज्य लागतं. समुद्राची भरती इथवर येते, अगदी बॉनव्हिल धरणापर्यंत, म्हणजे सव्वादोनशे किलोमीटरच्याही वर. किनाऱ्यावरच्या माणसाला तेवढीच एक ओळखीची गोष्ट. बाकी सगळं परकं. गहू न्यायला आलेली जहाजं मधूनच अंगावर येतात, आणि ती आपल्यासाठी थांबत नाहीत, थांबूच शकत नाहीत. मोटरबोटवाले नांगर टाकून ओळीने उभे असतात. त्यांच्याकडे हीटर, कॉफी, सँडविच. आम्ही वल्ही मारत समोरून गेलो की ते हात करतात. त्यात आदर किती आणि कीव किती, मी विचारलं नाही.

हेरिंगचं डोकं तिरकं कापतात, म्हणजे पाण्यात ती गरगर फिरते. तो वास साबणाने जात नाही. ती मागे सोडून आम्ही हळूहळू वल्हवत होतो, आणि माझ्या काठीचं टोक हललं.

"ओढू नकोस!" मित्र ओरडला.

मासा लागला की न ओढणं हे मला अनैतिक वाटतं. पण हा बेटा आधी नुसता चघळतो. काठी पुरती वाकेपर्यंत हात बांधून बसायचं. वाकली. मग तो पुढे आणि मी कयाकसकट त्याच्या मागे. एवढ्यात पलीकडे एका समुद्रसिंहाने डोकं वर काढलं. लोकांच्या गळाचे मासे पळवण्यात ही जात पटाईत. मी इतक्या जोरात हरी म्हटलं की तो दुसरीकडे गेला.

मासा जवळ आला. मित्राने त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि मान हलवली. शेपटीच्या अलीकडे पाठीवर एक छोटा मांसल पर असतो. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा तो कापून टाकतात, आणि वसंतात इथे फक्त असे परकापे सॅमन ठेवता येतात. माझ्याचा शाबूत होता. पाण्यातल्या पाण्यात गळ काढून सोडून दिला. "अस्सल रानटी! नशीबवान आहेस," मित्र म्हणाला. नशीबवान मासा होता.

मग मित्राला लागला. सात-आठ किलोचा, पर कापलेला. मित्र पांढरा पडला. आजवर त्याच्या गळाला ठेवता येण्याजोगा मासा कधी लागलाच नव्हता, त्यामुळे त्याच्या अहिंसेची परीक्षा राहून गेली होती.

"आता याला... म्हणजे... आपण?"

"आपण नाही. मी."

तो वॉशिंग्टनकडे तोंड करून बसला. माझं काम आटोपल्यावर त्याने थरथरत्या हाताने आपल्या टॅगवर, म्हणजे पकडलेले मासे लिहायच्या परवान्याच्या कागदावर, नोंद केली, माशाचा फोटो काढला आणि मासा माझ्या कयाकमध्ये टाकला. फोटो बायकोला दाखवू नकोस, असंही बजावलं.

तव्यावर तुकड्यांना तेल घालावं लागलं नाही. त्यांचंच इतकं सुटलं. डोक्याचं सार झालं. रात्री आईला फोनवर कालवण दाखवलं.

"केवढ्याक पडलो?"

कयाक, सूट, परवाना, हेरिंग असा हिशेब मी मनात केला आणि म्हणालो, "मित्राने दिला."

"मगे तेका जेवूक बोलवलंस मां?"